तिघांचा हात लागेपर्यंत

नानांच्या रानातून आणखी एक साग चोरीला गेला आणि वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारी त्यांची तिन्ही मुलं रविवारी एका टेबलाशी जेवायला बसली. जे नानांना हयातभर जमलं नाही ते चोरांनी एका पहाटेत, करवतीच्या जोरावर करून दाखवलं.

नाना मुलांना ओळखून होते. रान तिघांच्या नावे करताना मृत्युपत्रात त्यांनी एकच अट घातली. रानातलं एक जरी उभं झाड तोडायचं म्हटलं तरी तिघांनी एकाच वेळी त्याच्या खोडाला हात लावून ‘हो’ म्हणायचं. एकाचा हात मागे राहिला तर झाड उभं. थोरला मुलगा वकील. असली अट कोर्टात हास्यास्पद ठरेल, असं तो सगळीकडे सांगत फिरला. कोर्टाने अट कायम ठेवली आणि हास्यास्पद थोरलाच ठरला. तेव्हापासून रान नुसतं वाढत होतं. एकदा विहिरीकाठचा साग वादळात कलंडला. तो आता उभा धरायचा की आडवा, यावर भावंडांनी इतका काळ वाद घातला की झाडाला नवे फुटवे आले आणि प्रश्न आपोआप मिटला. या रानाला तारेचं कुंपण कधी लागलंच नाही. भांडण पुरलं.

रानाच्या तोंडाशी असलेल्या घरात नानांची बहीण राहायची. ती या तिघांची आत्या. आई लवकर गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं होतं. घरात मरेपर्यंत राहायचा हक्क नानांनी तिला दिला होता, पण झाडाला हात लावायचा दिला नव्हता. “तू कुठल्याच झाडाला हो म्हणायची नाहीस, मग गंमत काय राहिली?” असं ते म्हणाले होते. निम्मं रान तिने स्वतः रोपं लावून उभं केलं होतं. रोज सकाळी चहा घेऊन ती त्यातून एक फेरी मारायची, आणि बुडख्यावर माती-पाला पसरून चोर पसार झाले होते ते त्या फेरीतच तिच्या लक्षात आलं होतं. तिनेच तिघांना फोन केले. आता त्याचा तिला पश्चात्ताप व्हायला लागला होता.

“दादा, तू जिथे ‘प्रवेश निषिद्ध’चा बोर्ड लावलास तिथेच त्यांनी ट्रॉली उभी केली,” मधला म्हणाला. मधल्याचा मॉड्युलर किचनचा कारखाना होता. लाकडाचं चित्र छापलेल्या पट्ट्या चिकटवून तो कपाटं करायचा, म्हणून घरात त्याला सगळे किचनवाला म्हणत.

“बोर्ड कायद्याने आवश्यक होता,” वकील म्हणाला.

“पण बोर्डही नेला ना त्यांनी.”

“नेला म्हणजे वाचला. म्हणजे नोटीस पोचली, असं धरता येतं.”

यावर किचनवाला हसला. वकीलही हसला. धाकटी बहीण डेंटिस्ट होती आणि माणसांची तोंडं बघण्यात तिचं आयुष्य चाललं होतं. तिने दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं. या दोन भावांना एकाच गोष्टीवर हसताना तिने शेवटचं कधी पाहिलं होतं ते तिला आठवेना.

“तुझ्या कॅमेऱ्यात काही आलं का गं?” वकिलाने विचारलं.

“आलं की,” ती म्हणाली. “सगळ्यात जाड झाडाला बांधला होता मी. म्हटलं, तिथून सगळं दिसेल.”

“मग?”

“त्यांनी तेच झाड नेलं. आधी पानं दिसतात, मग आभाळ, मग हायवे. मग कोणीतरी शिंकतं आणि बंद.”

“शिंक ओळखता आली तर पुरावा होईल,” वकील गंभीरपणे म्हणाला आणि मग स्वतःच फिस्सकन हसला.

त्याची बायको भाताचं भांडं घेऊन आली होती, ती दारातच थांबली. घरी हा माणूस वर्तमानपत्रातल्या विनोदांवरसुद्धा हरकत घ्यायचा. आणि आता तर त्याने कमालच केली. उठून भावाच्या ताटात स्वतःच्या हाताने भाजी वाढली. किचनवाल्याने “पुरे पुरे” म्हणत ती घेतली, आणि वहिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भाजी जरा करपली होती, पण ते कोणी बोललं नाही.

“पोलीस काय म्हणाले?” धाकटीने विचारलं.

“पंचनामा केला. बुडखा जागेवर आहे, असं लिहून घेतलं,” आत्या म्हणाली. “म्हणजे तो तरी आता चोरीला जायचा नाही.”

वकिलाने हात पुसले आणि खुर्ची मागे सरकवली. तो युक्तिवादाला उभा राहणार हे सगळ्यांनी ओळखलं, म्हणून सगळ्यांनी आपापलं पाणी पिऊन घेतलं.

“प्रश्नाच्या मुळाशी जाऊ,” तो म्हणाला. “चोरी कशाची होते? जी वस्तू आहे तिची. वस्तूच नसेल तर चोरी होऊ शकत नाही. राखणदार, कुत्री, कॅमेरे, हे सगळे वरवरचे उपाय आहेत. रान चोरांपासून कायमचं वाचवायचं असेल तर एकच मार्ग आहे.”

“आपणच आधी तोडायचं,” किचनवाला म्हणाला.

“तोडायचं म्हणू नकोस. सुरक्षित जागी हलवायचं.”

“कुठे?”

“व्यापाऱ्याच्या गोदामात. तो येतोय जेवणं झाल्यावर. मी बोलावलंय.”

“सगळं रान?” धाकटीने विचारलं.

“निम्मं ठेवलं तर ते निम्मं चोरीला जाईल. मग माझ्या युक्तिवादाला अर्थ काय राहिला?”

“दातांचंही असंच असतं,” धाकटी म्हणाली. “काढून टाकलेला दात कधी किडत नाही.”

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं होतं. पण वकील म्हणाला, “अगदी बरोबर बोललीस,” आणि किचनवाल्याने मान डोलावली, आणि थोरल्या भावाकडून आयुष्यात पहिल्यांदाच शाबासकी मिळाल्यामुळे तो टोमणा होता हे सांगायचं धाकटीच्या जिवावर आलं.

“चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच,” आत्या म्हणाली.

“आत्या, तू भावनेने बोलतेस.”

“मग कशाने बोलू?”

“तुला हे घर आहेच की. उलट उजेड येईल भरपूर. खिडकीतून थेट रस्ता दिसेल.”

आत्याने खिडकीबाहेर पाहिलं. तिथे रस्ता दिसत नव्हता. झाडं होती, एकामागे एक, दूरवर. तिला ते जगातल्या कुठल्याही रस्त्यापेक्षा जास्त आवडत होतं, आणि हे सांगून काही उपयोग नव्हता.

तिने ताटं उचलली आणि स्वयंपाकघरात गेली. वहिनी तिच्या मागोमाग आली. नळ सोडून, त्या आवाजाच्या आडून हळूच म्हणाली, “आत्याबाई, एक बोलू? तुम्ही काही आडवं बोलू नका हो आज. इतक्या वर्षांनी आज हे भावाशी बोललेत. घरी रात्र-रात्र कुढत असतात, मला माहीत आहे. झाडं काय, परत येतील.”

“किती वर्षांनी?”

वहिनीने भांडं जास्तच जोरात घासलं. “भाऊसुद्धा रोज नाही भेटत,” ती म्हणाली.

आत्या बराच वेळ तेच ताट पुसत राहिली. सून खरं बोलत होती, तीच तर पंचाईत होती. या तिघांनी एका टेबलाशी बसावं म्हणून तिने काय काय केलं नव्हतं. आजारपणाची सोंगं घेतली, खोटे निरोप धाडले, एकाच दिवशी तिघांना वेगवेगळ्या कारणांनी बोलावून बघितलं. एक दारातून आला की दुसरा खिडकीशी जाऊन उभा राहायचा. आणि आज ते हसत होते. बाहेरून त्यांचं हसणं ऐकताना तिला इतकं बरं वाटलं की त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली.

कारण तिला आता नीट कळलं होतं. इतकी वर्षं रान तिने राखलं नव्हतं, नानांच्या अटीनेही नाही. ते राखलं या तिघांच्या वैराने. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात, तो तिसरा बाहेर उभा होता आणि त्याला पानं होती. संध्याकाळपर्यंत या मुलांमध्ये भांडण लागलं नाही तर रान गेलं. आणि भांडण लावायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

ती चहा घेऊन बाहेर आली आणि सगळ्यात खात्रीच्या विषयाला हात घातला.

“नानांची स्कूटर अजून चालते का रे?”

नाना गेले त्याच दिवशी दुपारी किचनवाल्याने स्कूटर नेली होती आणि त्यानंतर दोन्ही घरांत येणं-जाणं बंद झालं होतं. वहिनीने आत्याकडे अशा नजरेने पाहिलं की आत्याला चहा ओतता येईना.

“चालते,” किचनवाला म्हणाला. “दादा, खरं तर ती तुझीच होती. घेऊन जा.”

“नको रे. तुझ्याकडेच शोभते.”

“नाही दादा, मी घाई केली तेव्हा.”

“अरे मीच कोत्या मनाचा. एका स्कूटरवरून!”

दोघंही स्कूटर एकमेकांच्या गळ्यात मारायला इतके हट्टाला पेटले की आत्याला क्षणभर आशा वाटली, यावरूनच जुंपेल. पण शेवटी ती धाकटीच्या दवाखान्यासमोर ठेवायची ठरली, म्हणजे नाना रोज तिच्या डोळ्यांपुढे राहतील. धाकटीला स्कूटर चालवता येत नव्हती आणि दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. तरी ती म्हणाली, “किती छान!”

आत्याने चहाचा घोट घेतला आणि पुन्हा प्रयत्न केला. “धाकटीच्या लग्नातला एक फोटो सापडला परवा. सगळे आहेत, एक मधला सोडून.”

“कामात असेल तो,” धाकटी लगेच म्हणाली.

“कामात नव्हतो, रुसलो होतो,” किचनवाला म्हणाला. “चुकलंच माझं. माफ कर.”

त्याने बहिणीच्या डोक्यावर टपली मारली. वहिनीने पदराने डोळे पुसले. येणाऱ्या पैशाने माणसं किती मोठ्या मनाची होतात हे आत्या बघत राहिली. न आलेल्या पैशाने तर आणखीच.

मग व्यापारी आला. अतिशय नम्र माणूस. चपला बाहेर काढून ठेवल्या, आत्याच्या पाया पडल्यासारखा वाकला, घराची स्तुती केली. रानात शिरल्यावर मात्र तो झाडांकडे इतर माणसांसारखा बघेना. त्याची नजर बुंध्यापासून निघून पहिल्या फांदीपर्यंत जायची आणि तिथेच थांबायची. वर पानं आहेत, पक्षी आहेत, हे त्याच्या लेखी माप संपल्यानंतरचं होतं.

“सरळ वाढलंय सगळं,” तो म्हणाला. “निगा चांगली राखली कोणीतरी.”

“आत्याने,” वकील अभिमानाने म्हणाला.

विहिरीजवळच्या एका जाड सागापाशी ते थांबले. व्यापाऱ्याने खडूने खोडावर एक फुली मारली. “वडिलांची अट मला माहीत आहे. तुम्ही या पहिल्याला हात लावलात की सुरुवात झाली. माझी माणसं सकाळी येतील. मग तुम्ही पुढे पुढे हात लावत चला, ती मागून येतील.”

वकिलाने शर्टाची बाही सारखी केली आणि खोडाला हात लावला. “हो,” तो म्हणाला. शेजारी किचनवाल्याने हात लावला. “हो.” दोघांचे हात एकमेकांना टेकले होते आणि कोणीच आपला बाजूला घेतला नाही.

धाकटी पुढे आली. तिचा हात अर्ध्यावर अडखळला. लहानपणी उन्हाळ्यात ती याच झाडाखाली झोपायची आणि आत्या तिच्यावरच्या मुंग्या हाकलत बसायची. एक ‘नाही’ म्हटलं की संपलं, हे तिला ठाऊक होतं. पण मग दोन्ही भाऊ तिच्याकडे वळणार, आणि इतक्या वर्षांनी जुळलेलं मोडलं कोणी, तर धाकटीने. ते तिला सोसणार नव्हतं. तिने आत्याकडे पाहिलं. तूच काहीतरी बोल, असं ते पाहणं होतं.

आत्याला ते समजलं. तिच्या मनात एक जुनी म्हण आली आणि ती म्हण तिला बोचली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. लहानपणापासून ती म्हण ऐकताना तिला झाडांची दया यायची. आज गोत म्हणजे ही तीन मुलं होती आणि दांडा ती स्वतः होती.

“लावा हात,” ती म्हणाली. “मी काही मध्ये येत नाही. मला फक्त एक सांगा. गोदामात मापाला कोण उभं राहणार?”

“म्हणजे?” धाकटीने विचारलं.

“ओंडके गोदामात उतरले की त्यांचा घेर टेपने मोजतात. टेप जरा घट्ट धरली की लाकूड कमी, जरा सैल धरली की जास्त. म्हणून मालकाच्या बाजूचं एक माणूस तिथे उभं असतं. पदरात काय पडणार ते तिथे ठरतं, इथे नाही. तेव्हा तिघांच्या वतीने कोण?”

“मी,” वकील आणि किचनवाला एकदम म्हणाले.

दोघंही हसले. पण या वेळचं हसू ओठांच्या पुढे गेलं नाही, ते डेंटिस्टबाईंना बरोबर दिसलं.

“तू कशाला त्रास घेतोस दादा? तुझं कोर्ट असतं.”

“त्रास कसला? सुट्टी घेईन.”

“पण मला लाकडातलं कळतं.”

“तुला लाकडाच्या चित्रातलं कळतं.”

“हे काय बोलणं झालं?”

“मग तुलाच का जायचंय इतकं? व्यापाऱ्याशी तुझं आधीचं बोलणं आहे का काही?”

“त्याला तू बोलावलंस! माझी आत्ता ओळख झाली!”

“दोघंही या ना,” व्यापारी मध्ये पडला. “खुर्च्या टाकतो.”

“तुम्ही गप्प बसा,” दोघं एका सुरात म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं हे शेवटचं एकमत.

“मी राहते उभी,” धाकटी म्हणाली.

“तुला काय कळतंय त्यातलं?” वकील म्हणाला.

“तुझा नवरा येईल मग टेप धरायला,” किचनवाला म्हणाला. “माहीत आहे मला तो किती सैल धरतो ते.”

“माझ्या नवऱ्याचं नाव काढू नकोस! लग्नाला यायला जमलं नाही आणि—”

“मुद्दामच आलो नव्हतो! आणि बरं केलं!”

“स्कूटर आधी दारात आणून लाव!” वकील ओरडला. “वडिलांची राख गार व्हायच्या आत किल्ली खिशात टाकणारा माणूस मापाला उभा राहणार म्हणे!”

खोडावरचे हात केव्हाच निघाले होते. आता ते एकमेकांच्या तोंडापुढे नाचत होते. व्यापाऱ्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग टेप गुंडाळली, आत्याला नमस्कार केला आणि आल्या पायवाटेने निघून गेला. वहिनी तेवढी तिथेच उभी राहिली. नवऱ्याला घेऊन जाताना तिने निरोपही घेतला नाही, आणि ते आत्याला फार लागलं.

मधला व्यापाऱ्याशी परस्पर संधान बांधून झाडं हलवणार, याची वकिलाला त्या रात्रीच खात्री पटली, आणि त्याने खालच्या रस्त्यावर पगारी पहारेकरी बसवला. पहारेकरी दिसताच किचनवाल्याला कळलं की हा माणूस आपल्याला दूर ठेवायला आहे, म्हणजे दादाच काहीतरी करणार; त्याने वरच्या वाटेवर कारखान्यातले दोन दांडगे कामगार पाळीने उभे केले. धाकटीने दोन्ही टोळ्यांवर नजर ठेवायला नवे कॅमेरे आणले आणि या वेळी ते घराच्या भिंतीला लावले. चोर एकदा येऊन गेले म्हणतात. इतकी माणसं इतक्या रागाने जागी असलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यानंतर रानातली फांदीसुद्धा गेली नाही. गावातल्या वर्तमानपत्रात बातमी आली, ‘कुटुंबाच्या एकजुटीमुळे रान वाचलं’. सोबत तिघांचे वेगवेगळ्या ठिकाणी काढलेले फोटो होते.

आत्याची सकाळची फेरी पुन्हा सुरू झाली. पहारेकरी तिला नमस्कार करायचे, एकमेकांना करायचे नाहीत. रान भरगच्च होतं. घरात मात्र कोणी येत नव्हतं. धाकटी फोन करायची, पण दोन मिनिटांत ठेवायची.

एका दुपारी वकिलाचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

“आत्या, जेवलीस?”

“जेवले. तू?”

“हो. आत्या, ते त्या दिवशीचं सारखं आठवतं गं. टेबलाशी बसलो होतो ते. तो ‘पुरे पुरे’ म्हणाला आणि तरी मी वाढत होतो. म्हटलं, एकदा त्याच्याशी बोलून बघावं. झाडांचं नाही, ते जाऊ दे. नुसतंच. वय झालं आता आपलं. उगाच वैर कशाला?”

आत्याला रडू फुटलं. फोन छातीशी धरून तिने ते आवरलं. हाच मुलगा तापात तिचं बोट धरून झोपायचा. याच बोलण्यासाठी तिने इतकी वर्षं वाट पाहिली होती. समोर खिडकीत झाडं वाऱ्याने हलत होती. आज नुसतंच बोलतील, उद्या जेवायला बसतील. आणि परवा एखादा नम्र माणूस चपला बाहेर काढून घरात येईल.

“आत्या? ऐकतेस ना?”

“ऐकते रे बाळा. जरूर बोल,” ती म्हणाली. “मोठा आहेस तू, तूच मन मोठं करायचं. तू गेल्यावर तो तुझ्याबद्दल जे बोलला ते मात्र मनावर घेऊ नकोस.”

“काय बोलला?”

आत्याने खुर्ची ओढली, डोळे पुसले आणि नीट बसून सांगायला सुरुवात केली.